खादाडरावांचा नैवेद्य

माणूस कसा आहे ते बघायचं असेल, तर तो उठून गेल्यावर त्याची खुर्ची बघावी. मी अर्धं आयुष्य तेच केलंय. मी ज्योत्स्ना बोरकुटे, नागपूरच्या विमानतळावर मैना एअरची विमानं आतून झाडणाऱ्या बायकांची मुकादम. विमान नांदेडहून येतं, माणसं उतरतात, आणि जळगावची माणसं चढेपर्यंत जो काय वेळ मिळतो त्याला आम्ही वेळ म्हणत नाही, धांदल म्हणतो. तेवढ्यात फटीतले शेंगदाणे, संत्र्याच्या बिया, बाळानं चाटून फेकलेलं बिस्कीट, सगळं उचलायचं, सीट पुसायच्या आणि पट्टे दुमडून ठेवायचे. सुटाबुटातले लोक जास्त सांडतात, हे आपलं माझं निरीक्षण. सांडणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. घरीसुद्धा. माझा तन्मय लहान असताना पोळीचा तुकडा ताटाबाहेर पडला, की मी असे डोळे वटारायची की पोरगं तो उचलून गिळून टाकायचं.

कंपनीला मात्र राग खर्चाचा. आधी उशा गेल्या. मग वाचायची मासिकं गेली. मग पाण्याची बाटली जाऊन पेला आला, आणि पुढे पेलाही लहान झाला. खर्च आवरण्याच्या खात्याचे राजाध्यक्ष साहेब मुंबईहून आले, की आम्ही एकमेकींना विचारायचो, "आज काय घेऊन जाणार गं हा माणूस?" गेल्या वर्षी ते आम्हालाच घेऊन जायला आले.

पण ते कळायच्या आधी आमच्याकडे एक पाहुणी येऊन गेली. एका रविवारी तन्मयनं मुलगी जेवायला आणली. केतकी खानझोडे, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, इथेच एका प्रयोगशाळेत कामाला. मला ती दारातच आवडली. चपला जोडीनं काढल्या, ताटात काही टाकलं नाही, आणि पाटवडीचा रस्सा दोनदा मागून घेतला. मी मनात म्हटलं, पसंत.

जेवणं झाल्यावर सहज विचारलं, "प्रयोगशाळेत नेमकं काय करतेस गं तू?"

बस, हाच प्रश्न हवा होता तिला. पर्समधून तळहाताएवढं निळं कापड काढलं, टेबलावर पसरलं आणि त्यावर शंकरपाळ्याचा चुरा सांडला. माझ्यासमोर! मुद्दाम! मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"आता बघा, काकू." तिनं लेकराला थोपटावं तसं कापड थोपटलं. चुरा दिसेनासा झाला. उचलून झटकलं, तरी एक कण पडला नाही.

"गेला कुठे?"

"आत. वरच्या लवेचा कल एकाच बाजूला आहे. माणूस बसला, हलला, की कण आपोआप आत सरकतात. आतले धागे पोकळ आहेत. त्यांत जेलीसारखा पदार्थ आणि त्या जेलीत जिवाणू. दह्यात असतात तसेच गरीब, फक्त यांना आम्ही जरा शिकवलंय. पिष्ट, साखर, तेल, सगळं पचवतात. मागे उरतं थोडं पाणी, थोडा वायू आणि हा वास. घेऊन बघा ना."

मी वास घेतला. अगदी तव्यावरून उतरलेल्या ज्वारीच्या भाकरीचा!

"आणि हे बाहेर पडून माणसालाच खायला लागले तर?" तन्मयच्या बाबांनी खुर्ची जरा मागे सरकवत विचारलं.

केतकी हसली. "नाही काका. त्यांना जगायला एक घटक लागतो, तो फक्त त्या जेलीतच असतो. धाग्याबाहेर ते तग धरत नाहीत."

"मग सोफ्यासाठी आहे का हे?" मी विचारलं.

"नाही, विमानाच्या सीटसाठी! मैना एअर घेतेय. दोन उड्डाणांच्या मध्ये सफाई नकोच, काकू. माणसंच लागणार नाहीत!"

तन्मयला जोरात ठसका लागला. मग खाली मान घालून म्हणाला, "केतकी, आई विमानतळावर असते एवढंच मी तुला सांगितलं होतं. काय करते ते सांगायचं राहिलं."

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. मी म्हटलं, "सून घरात यायच्या आधीच सासूला घरी बसवणारी मुलगी मी पहिल्यांदाच पाहतेय, बाप्पा!"

"काकू, मला खरंच माहीत नव्हतं."

"तुला काय बोलणार मी? तुझं कापड वाईट असतं तर चार शब्द सुनावले असते. ते चांगलं आहे, हीच तर पंचाईत."

राजाध्यक्ष साहेबांनी पुढच्याच आठवड्यात फर्मान काढलं. एका विमानाला नव्या कापडाच्या सीट बसणार. दिवाळीपर्यंत चाचणी. कापड पास झालं, की सगळ्या विमानतळांवरच्या आमच्यासारख्या टोळ्या बंद. तोवर त्या विमानात रोज दोघींनी जायचं, पण काही झाडायचं नाही, पुसायचं नाही, फिनाइल तर दाखवायचंसुद्धा नाही. नुसतं बघायचं आणि सांगायचं. उजवी बाजू माझी, डावी देवकाबाईची.

देवकाबाई म्हणजे आमच्यातली सगळ्यांत जुनी. अकोल्याकडची. नवरा नाही, मूल नाही, पण आख्ख्या विमानतळाच्या पोटाची काळजी हिलाच. सुरक्षारक्षकापासून मांजरापर्यंत कोणी उपाशी दिसलं, की हिच्या खिशातली चिवड्याची पुडी बाहेर येते. कापडाला "खादाडराव" हे नाव तिनंच ठेवलं.

"काय खादाडराव, झालं का जेवन?" असं ती प्रत्येक सीटला विचारत जायची. मी म्हणायची, "अहो, आपल्या पोटावर पाय द्यायला आलाय तो, आणि तुम्ही त्याला जेवण विचारता?"

"असू द्या ना बाई. जीव हाये त्याच्यात."

आणि खरं सांगते, खादाडराव कामाला वाघ निघाले. श्रावणात सांडलेली साबुदाण्याची खिचडी असो, गणपतीतले मोदकाचे तुकडे असोत, सगळं फस्त. विमानात शिरलं की भाकरीचा वास. प्रवासी विचारायचे, आज जेवण आहे का? केतकी दर शनिवारी, विमान रिकामं उभं असताना, तपासायला यायची आणि आम्हा दोघींसाठी काहीतरी खायला आणायची. मी तिच्यावर रागवायचं ठरवून जायची आणि तिच्याबरोबर चहा पिऊन परत यायची. पण टोळीतल्या बायका रोज विचारायच्या, "ज्योत्स्नाताई, दिवाळीनंतर आपलं काय?" माझ्याच घरात येणाऱ्या मुलीनं त्यांच्या हातचं काम काढून घेतलं होतं.

गणपती गेले आणि राजाध्यक्ष साहेबांना आणखी एक कल्पना सुचली. त्या विमानातली खाण्याची गाडी बंद! गाडीचं वजन वाचलं की इंधन वाचतं, आणि कोणी खाल्लंच नाही तर सांडायला उरतं काय, कापडालाही तेवढाच आराम. आम्हाला ते शहाणपणाचं वाटलं. उशा गेल्या, मासिकं गेली, आता गाडी गेली, एवढंच मनात आलं.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्यात अवजारांची पूजा असते. दरवर्षी आम्ही केर ओढायची यंत्रं, ब्रश, बादल्या ओळीनं मांडतो, झेंडूची फुलं वाहतो, हळदकुंकू लावतो. या वेळी देवकाबाई अडून बसली.

"त्या इमानात काम कोन करते? खादाडराव. मंग अवजार कोन? खादाडराव. त्याची पूजा नाही केली त पाप लागन, बाई."

मी नियम सांगितले. कापडाला काही लावायचं नाही म्हणजे नाही. ती म्हणाली, "तुमच्या सुनेचं पयलं काम हाये थे. बोटभर हळद बी नाही?"

मी विरघळले. कुंकू साहेबांच्या डोळ्यावर आलं असतं म्हणून नुसती हळद घेतली, पाण्यात कालवली, आणि प्रत्येक सीटच्या खालच्या पांढऱ्या काठाला पट्ट्याच्या आड एकेक बोट टेकवलं. उजवीकडे मी, डावीकडे ती. बोट टेकवताना मी मनातल्या मनात म्हटलंही, पोरीला यश दे रे बाबा. आणि लगेच आठवलं, की तिचं यश म्हणजे आमची सुट्टी. पण मागून झालं होतं.

दसरा होऊन आठवडा झाला नाही तोच विमानात वास सुटला. भाकरीचा नव्हे हो, बसस्थानकावरच्या मुतारीचा! प्रवासी नाकाला रुमाल लावून उतरू लागले. एका बाईंनी तर उड्डाणाआधीच सीट बदलून मागितली. टोळीत आनंदीआनंद. "पडला खादाडराव आडवा!" म्हणून एकीनं सगळ्यांना पेढे वाटले. मीही एक खाल्ला. गोड लागला नाही.

संध्याकाळी तन्मय घरी आला आणि म्हणाला, "आई, केतकी दोन दिवस जेवली नाहीये. जिवाणू का मेले तेच कळत नाही तिला. परवा राजाध्यक्ष येतायत. चाचणी गुंडाळणार."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हळद! जखमेवर हळद कशाला भरतात? जंतू मरावेत म्हणून. अगं बाई, मी पूजा करायला गेले आणि पोरीचं सगळं काम मारून बसले!

दुसऱ्या दिवशी देवकाबाईला गाठलं. ती एकदम माझा हात धरून म्हणाली, "बाई, गप ऱ्हा. कोनाले काही माहीत नाही. सांगितलं त कापड निर्दोष सुटन आन आपन साऱ्या जनी घरी जाऊ."

बरोबर होतं तिचं. गप्प राहिले तर टोळी वाचत होती आणि केतकी बुडत होती. बोलले तर केतकी वाचत होती आणि टोळी बुडत होती, शिवाय मुद्दाम घातपात केल्याचा ठपका माझ्या माथी. मी विमानतळाच्या बाकावर बसून राहिले. शेवटी मला एवढंच समजलं, की आयुष्यभर जिच्या डोळ्याला डोळा भिडवता येणार नाही अशी सून मला नको. आणि काम टिकवायचंच असेल, तर ते दुसऱ्याच्या पोरीला खड्ड्यात ढकलून नको. फोन लावला.

केतकी धावतच आली. मी सगळं सांगून टाकलं.

"काकू, तुम्ही हे मुद्दाम केलंत का?"

"मुद्दाम करायचं असतं तर फिनाइल ओतलं असतं गं, हळद कशाला लावली असती? हळद आपण कोणाला लावतो?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "चला, दाखवा मला."

विमान रिकामं उभं होतं. उजवीकडच्या पहिल्या सीटशी ती गुडघ्यांवर बसली, पट्टा बाजूला केला आणि म्हणाली, "पण हे तर कुंकू आहे."

"कुंकू लावलंच नाही आम्ही. हळद आहे ती."

मी वाकून पाहिलं. हळदीचं बोट लालभडक! पुढची सीट, लाल. त्याच्या पुढची, लाल. माझी अख्खी बाजू लाल. केतकी उठून देवकाबाईच्या बाजूला गेली. तिथे प्रत्येक बोट कालच लावल्यासारखं पिवळंधमक. आणि तेव्हा मला जाणवलं, की वाससुद्धा माझ्याच बाजूला होता. डावीकडे अजून भाकरी भाजली जात होती.

केतकी वाटेतच फतकल मारून बसली आणि हसायलाच लागली. मला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

"काकू, हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं?"

"लाल होतो. धुणं धुणाऱ्या कोणत्याही बाईला विचार."

"साबण अल्कधर्मी असतो म्हणून. इथे साबण नाही, तर अमोनिया आहे, तोही तसाच. तुमच्या बाजूचे जिवाणू मेलेले नाहीत, उपाशी आहेत! पिष्ट, साखर, तेल मिळेनासं झालं, की ते माणसाच्या अंगाची झडलेली कातडी, कोंडा, असलं काहीबाही खायला लागतात. ती प्रथिनं. ती पचवली की अमोनिया सुटतो आणि वास मारतो. एवढ्याशा हळदीनं त्यांचं काही बिघडत नाही. हळदीनं फक्त चहाडी केली!" मग ती थबकली. "पण उपाशी का? प्रवासी खातात ना?"

"खायचे. आता गाडीच बंद झाली ना."

"कधी?"

"गणपती झाल्यावर. तुला सांगितलं नाही कुणी?"

"मला कोण सांगणार!" तिनं कपाळाला हात लावला. मग हळूच डावीकडे वळून म्हणाली, "पण मग ही बाजू कुठे जेवली?"

आम्ही दोघींनी देवकाबाईकडे पाहिलं. देवकाबाई विमानाचं छत निरखत होती.

"देवकाबाई," मी म्हटलं, "खिशात काय आहे?"

"चिवडा," ती पुटपुटली. "गाडी बंद झाली तवापासून. रोज चिमूट चिमूट. बाई, मले शिव्या देऊ नोका. उपाशी ठेवाव का वो कोनाले? लेकरू असो, नाहीतर कापड असो. तुमच्या बाजूले बी टाकनार होती, पन तुमचे डोये पायले आन हिंमत नाही झाली."

केतकीनं उठून तिला अशी मिठी मारली, की पुडी फुटून चिवडा भर वाटेत पसरला. सवयीनं माझा हात उचलायला गेला. केतकी ओरडली, "नका काकू! तुमच्या बाजूला लोटा, उजव्या बाजूला! उपाशी आहेत ते!" आणि आम्ही तिघी, वयाचं भान न ठेवता, सीटवर चिवडा उधळत सुटलो. काय सांगू, लहानपणीसुद्धा इतकं हुंदडले नव्हते.

राजाध्यक्ष साहेब आले तोवर उजव्या बाजूचा वास निम्म्याने उतरला होता. केतकीनं ताजी हळद लावून दोन्ही बाजू दाखवल्या आणि सगळं समजावलं. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे सफाईची माणसं काढायला मी हे कापड आणलं, आणि आता कापडाला जेवू घालायला माणसं ठेवू?"

"किंवा प्रवाशांना जेवू घाला, सर," केतकी म्हणाली. "ते सांडतीलच. पण सगळेच सारखं सांडत नाहीत. कोणती सीट उपाशी राहिली ते रोज बघणारं, तिला भरवणारं कोणीतरी लागेल. जिवंत वस्तू आहे, सर. घेतली की सांभाळावी लागते. धुणं, साबण, पाणी, यंत्रं, हा सगळा खर्च तर वाचतोच आहे."

साहेब डाव्या बाजूच्या एका सीटवर टेकले. भाकरीचा वास नाकात गेला असावा, कारण ते डोळे मिटून जरा वेळ तसेच बसले. देवकाबाईनं काही न विचारता पुडी पुढे केली. साहेबांनी मूठभर चिवडा तोंडात टाकला, आणि टाकताना अर्धा मांडीवर सांडला. सांगितलं ना, सुटाबुटातले लोक जास्त सांडतात. पण त्या दिवशी मला त्या माणसाचा मुका घ्यावासा वाटला!

दिवाळीला खाण्याची गाडी परत आली. टोळी जागच्या जागी राहिली. आता प्रत्येक सीटच्या काठाला हळदीत बुडवलेली एक फीत शिवलेली असते. दोन उड्डाणांच्या मध्ये आम्ही चढतो आणि पिवळी फीत दिसली की पुढे जातो. लाल दिसली की तिथे चिवड्याचा चुरा भुरभुरतो आणि सीट थोपटतो. देवकाबाई अजून प्रत्येक सीटला "झालं का जेवन?" विचारते. बाकीच्या कंपन्याही कापड मागू लागल्यात, आणि त्यांच्या बायकांना शिकवायला आम्हालाच बोलावतात. विमान सुटायच्या आधी हवाईसुंदरी गोड आवाजात सांगते, "प्रवाशांना विनंती आहे, खाताना संकोच न करता थोडं सांडावं." आया आता पोरांना दटावत नाहीत. मी मात्र ती सूचना ऐकली की अजूनही दात आवळते. अंगवळणी पडायला वेळ लागतो हो.

माघात तन्मय-केतकीचं लग्न झालं. सगळी टोळी ठेवणीतल्या साड्या नेसून आलेली. वरात दारात आली. उंबरठ्यावर तांदळानं काठोकाठ भरलेलं माप ठेवलं होतं. केतकीनं उजव्या पायानं ते अगदी हलकेच लवंडलं, चार दाणे पडतील न पडतील इतकंच. मग घाबरून माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. माझे वटारलेले डोळे तन्मयनं तिला वर्णन करून सांगितले असणार.

मी खाली वाकले. देवकाबाईला वाटलं, मी दाणे वेचायला निघाले. तिनं माझं मनगट धरलं. "बाई, आज बी?"

मी हात सोडवून घेतला, माप उचललं, पुन्हा काठोकाठ भरून पोरीच्या पायाशी ठेवलं.

"असं चोरून काय सांडतेस गं," मी म्हटलं, "घर तुझं आहे. चांगलं जोरात सांड!"